कोणतं हरीण टिपायचं? स्कॉटलंडमधल्या वेस्टर रॉसच्या डोंगरावरच्या नोंदी, २०२४-२५

२७ ऑगस्ट २०२४

आज ओढ्याच्या दोन्ही अंगांना आखलेल्या चौकटींमधली रोपं मोजली. बर्चची रोपं भरपूर आहेत, पण हीदरच्या झुडपांवर डोकं काढलेलं एकही नाही. रोवनची रोपं वीतभर उंच आणि बुंधा करंगळीएवढा, म्हणजे वय बरंच आणि वाढ काहीच नाही. सगळ्यांचे शेंडे खुडलेले. सशाने खाल्लं तर चाकूने कापल्यासारखा तिरका, स्वच्छ छेद दिसतो. इथे टोकं फाटलेली आहेत, कारण हरणाला वरचे पुढचे दात नसतात. ते ओठात धरून हिसडा देतं. हे काम लाल हरणांचंच आहे, यात शंका राहिली नाही.

स्कॉटलंडमधून लांडगा जाऊन तीनशे वर्षांच्या आसपास झाली. माझ्या चंद्रपूरकडे कोणतं सांबर आज मरायचं हे वाघ आणि रानकुत्री ठरवतात, माणसाने त्यात हात घालायचा नाही असा कायदाच आहे आणि तो योग्यच आहे. इथे ठरवणारं दुसरं कोणी उरलेलं नाही. कुंपण हा एक मार्ग असतो. पण कुंपणाने हरणं शेजाऱ्याच्या डोंगरावर ढकलली जातात, ग्राउस पक्षी तारांवर आपटून मरतात, आणि वीस वर्षांनी कुंपण कुजलं की प्रश्न जागच्या जागी. स्कॉटलंडमधल्याच क्रेग मेगी डोंगरावर १९८५ नंतर कुंपण न घालता फक्त हरणं कमी केली आणि बर्चचं रान आपोआप उठलं. ग्लेन फेशी खोऱ्यातही तेच झालं. आमच्या जमिनीवरही हाच मार्ग धरायचा, हे संस्थेच्या बैठकीत पक्कं झालं आहे. किती काढायची हा आकडा त्या मानाने सोपा. कोणती काढायची, याचा विचार या वहीत करणार आहे.

१४ सप्टेंबर

आधी नरांचा विषय संपवते, कारण पैसे देऊन शिकारीला येणाऱ्या पाहुण्यांना आणि शेजाऱ्यांना तोच सगळ्यात मोठा वाटतो.

नर मारून कळप कमी होत नाही. माजाच्या दिवसांत एक तगडा नर माद्यांचा अख्खा घोळका राखतो. त्याला काढला तर दुसरा तयारच असतो, आणि जूनमध्ये पाडसं तेवढीच जन्मतात. २१ ऑक्टोबर २०२३ पासून स्कॉटलंडमध्ये नरांसाठी बंद हंगाम, म्हणजे शिकारबंदीचा काळ, राहिलेला नाही. त्याने आमची सोय इतकीच झाली की हिवाळ्यात रोपांमध्ये ठाण मांडून बसलेला नर काढता येतो. बस, नरांचं काम आमच्याकडे तेवढंच.

'वाकड्या शिंगांचे नर आधी काढा, वाण सुधारेल' हे इथल्या डोंगरांवर पिढ्यान् पिढ्या ऐकू येतं. स्कॉटलंडच्याच रम बेटावर लाल हरणांचा अभ्यास पन्नासहून अधिक वर्षं चालू आहे. तिथे प्रत्येक हरीण चेहऱ्याने ओळखतात, कोणाचं पाडस कोण हे ठाऊक असतं. त्या नोंदी सांगतात की शिंगांचा आकार काही प्रमाणात वंशातून येतो, मोठ्या शिंगांच्या नरांना पाडसंही जास्त होतात, आणि तरीसुद्धा तीस वर्षांत तिथली शिंगं मोठी झाली नाहीत. चारा, थंडी आणि कळपाची दाटी यांचा वाटा एवढा मोठा आहे. मग डोंगरावर दुर्बिणीतून बघून मी कोणतं वाण सुधारणार? त्या नावाखाली एकही गोळी खर्च करायची नाही.

रमचीच आणखी एक गोष्ट शेजारच्या इस्टेटवाल्यांसमोर बैठकीत मांडली. बेटाच्या उत्तर भागात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शिकार थांबवली, माद्या वाढल्या, आणि नरांचं प्रमाण घसरत गेलं. दाटी झाली की नर पाडसं जास्त मरतात आणि तरुण नर दुसरीकडे निघून जातात. तेव्हा ज्यांना चांगले नर हवे आहेत त्यांनीच माद्या कमी केल्या पाहिजेत. एकाने मान हलवली, बाकीचे गप्प बसले. हरणांना हद्दी कळत नाहीत, त्यामुळे मला ती मान कामाची आहे.

१९ ऑक्टोबर

माद्यांचा हंगाम परवा उघडतोय: २१ ऑक्टोबर ते १५ फेब्रुवारी. आज मुख्य स्टॉकरांबरोबर (हरणांचा माग काढून ती टिपणारे) बसून धोरण ठरवलं. ते या डोंगरावर तीस वर्षांहून जास्त काळ आहेत आणि त्यांच्या डोळ्यावर माझा माझ्या तक्त्यांपेक्षा जास्त विश्वास आहे.

हिशोब असा. शंभर माद्यांमागे वसंतात साधारण पस्तीस-चाळीस पाडसं जिवंत असतात, त्यातली निम्मी मादी. म्हणजे दरवर्षी अठरा-वीस नव्या माद्यांची भर. काही आपसूक मरतात. कळप आहे तिथे ठेवायचा तर दर सहा माद्यांमागे एक काढावी लागते. रम बेट १९५७ मध्ये सरकारी निसर्ग संस्थेने घेतलं, तेव्हा त्यांनीही हाच एक-षष्ठांश धरला होता. आम्हाला कळप कमी करायचा आहे, म्हणून आमचा आकडा याच्या बराच वर आहे.

आता कोणती? आम्ही तीन प्रश्न याच क्रमाने विचारायचं ठरवलं. ती कुठे चरते, तिच्यामागे कोण आहे, आणि मग ती कशी दिसते. बहुतेक ठिकाणी क्रम उलटा असतो. आधी 'कमजोर दिसते का' बघतात. पण मादी जन्मभर आपल्या आईच्याच टापूत राहते. नर दोन-तीन वर्षांचे झाले की दूर जातात, माद्या जात नाहीत. म्हणजे आमच्या बर्चच्या घळीत उतरणाऱ्या माद्या म्हणजे आया, मुली, मावश्या, एकाच घरच्या. पलीकडच्या पठारावरच्या हाडकुळ्या दहा माद्या काढून घळीतल्या एकाही रोपाला श्वास मिळणार नाही. घळीतली एक काढली तर मिळेल.

दुसरा प्रश्न पाडसाचा. ऑक्टोबरात पाडूस चार-पाच महिन्यांचं असतं. आई गेली की हिवाळ्यात त्याचे हाल होतात, आणि रमच्या नोंदींप्रमाणे नर पाडसांना हा फटका दूध सुटल्यानंतरही बसत राहतो. म्हणून आमचा नियम: दोघं मिळणार असतील तरच जोडी घ्यायची, आणि आधी पाडूस. पाडूस टिपता येत नसेल तर आईला हात लावायचा नाही. जुने स्टॉकर आधी आई घेत, कारण पाडूस आईजवळ घुटमळतं. आमचे स्टॉकर म्हणाले, "घुटमळतं, पण नेहमी नाही." एवढं मला पुरेसं होतं.

२३ ऑक्टोबर

पहिल्या आठवड्यात भाकड माद्याच घ्यायच्या असं ठरलं होतं. पाडूस नाही, कासेत दूध नाही, उन्हाळाभर खाल्लेलं सगळं अंगावर. मांसही सगळ्यात चांगलं. आणि भाकड म्हणून सोडून दिली तर पुढच्या जूनमध्ये विणारी पहिली तीच, कारण अंगावर चरबी असलेली मादी या माजात हमखास गाभण राहते.

आज दोन मिळाल्या, दोन्ही घळीच्या तोंडाशी. वारा वायव्येचा, अगदी सोयीचा.

६ नोव्हेंबर

आजची नोंद सविस्तर लिहिते, कारण निवड म्हणजे नेमकं काय ते आज पूर्ण दिसलं.

सकाळी नऊच्या सुमाराला वरच्या खडकामागून दुर्बीण लावली. घळीतून सहा जणी बाहेर पडत होत्या. पुढे एक लांब तोंडाची, पाठ किंचित खाली गेलेली, कानांच्या कडा झिजलेली जुनी मादी. तिच्या मागे पाडूस, मग दुसरी मादी आणि तिचं पाडूस, मग एक कोवळी, बहुधा दुसऱ्या वर्षातली. थोडं बाजूला एक गुबगुबीत, कातडी चकचकीत, एकटीच.

लगेच काही केलं नाही. पाडूस कोणाचं हे पोटाच्या आकारावरून कळत नाही, वागण्यावरून कळतं. पंचवीस मिनिटं पीटच्या ओल्या मातीत पालथं पडून नुसतं बघितलं. एक पाडूस दुसऱ्या मादीकडे गेलं, तिने कान मागे पाडून त्याला हुसकलं. मग ते लांब तोंडाच्या मादीच्या पोटाखाली शिरलं आणि तिने पाय फाकवला. जोडी पटली.

मी हळूच विचारलं, "ती जाडी भाकड का नको? सोपी आहे."

स्टॉकर म्हणाले, "ती मागून चालते. घळीची वाट तिला या म्हातारीने दाखवलीय. म्हातारी राहिली तर पुढच्या वर्षी नव्या पाडसाला पण दाखवेल."

म्हातारीच घ्यायची ठरलं. पण तिचं पाडूस दुसऱ्या मादीच्या पुढ्यात उभं होतं, गोळी आरपार जाऊन मागच्या जिवाला लागली असती. थांबलो. मग पाडूस चार पावलं पुढे आलं, आडवं उभं राहिलं, मागे हीदरचा चढ, म्हणजे गोळी आरपार गेली तरी मातीतच. अंतर दीडशे मीटरच्या आत. पहिल्या गोळीला पाडूस जागीच कोसळलं. म्हातारी पळाली नाही, मान वळवून त्याच्याकडे बघत राहिली, आणि दुसरी गोळी तिच्या खांद्यामागे.

बाकीच्या चौघी वर पळाल्या आणि कड्याच्या धारेवर थबकल्या. ती चकचकीत भाकड अगदी स्पष्ट, आडवी, पण तिच्यामागे आकाश. पलीकडच्या उतारावर काय आहे ते दिसत नसताना धारेवरच्या जनावरावर गोळी झाडायची नाही, याला अपवाद नाही. ती गेली. निवडीची निम्मी उत्तरं अशीच ठरतात: कोण बरोबर उभं राहिलं आणि कोणाच्या मागे माती होती.

आतडी तिथेच काढली, गरुडांसाठी ठेवली. आम्ही तांब्याच्याच गोळ्या वापरतो, त्यामुळे शिशाचे कण पक्ष्यांच्या पोटात जात नाहीत. म्हातारी खाली आणायला आर्गोकॅट (डोंगरात चालणारं छोटं वाहन) घळीच्या कडेपर्यंतच येतं, पुढे दोराने ओढणं आलंच.

७ नोव्हेंबर

लार्डरमध्ये, म्हणजे टिपलेली जनावरं ठेवायच्या खोलीत, जबडे. प्रत्येक जनावराचा खालचा जबडा सोडवून, उकळून, टॅग लावून ठेवतो. डोंगरावर केलेला अंदाज बरोबर होता का, हे इथेच कळतं.

कालच्या पाडसाची पहिली दाढ नुकती वर आलेली, मागच्या दोन्ही अजून हिरडीतच. गालाकडच्या दातांतला तिसरा दात तीन पाकळ्यांचा आहे, तो दुधाचा. दोन वर्षांच्या आसपास तो पडतो आणि त्या जागी दोन पाकळ्यांचा कायमचा येतो. एवढी एक खूण पाहिली की कोवळी मादी आणि पूर्ण वाढलेली यांत गल्लत होत नाही.

म्हातारीची पहिली दाढ हातात घेऊन खिडकीपाशी नेली. ही सगळ्यात आधी येणारी कायमची दाढ, म्हणून सगळ्यात जास्त झिजते. मधल्या काळ्या खाचा पुसून गेलेल्या, पृष्ठभाग सपाट, एका कडेला हिरडीपर्यंत उतरलेला. वय बारा किंवा वर. नेमकं वय मुळाशी साचलेल्या थरांवरून काढतात, झाडाची कडी मोजावीत तसं. तो दात वेगळा ठेवला आहे. या दातांवरही तिने पाडूस वाढवलं होतं आणि कासेत दूध होतं. मूत्रपिंडाभोवती मात्र चरबी जवळजवळ नाही. हा हिवाळा तिला जड गेला असता.

लसिकाग्रंथी, फुप्फुसं, यकृत तपासलं. यकृतातल्या नळ्या चपट्या कृमींमुळे जाड झालेल्या, म्हणून यकृत बाद. बाकी सगळं स्वच्छ.

२८ नोव्हेंबर

चंद्रपूरहून मावशीचा फोन. "काय गं, तिकडे हरणं मारतेस म्हणे?" तिच्या आवाजात राग नव्हता, दुखावलेपण होतं. ती तशी म्हणणारच, तिने आयुष्य जंगलालगतच्या गावात काढलंय. तिला सांगितलं की मावशी, आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने हरणाला हात लावता येत नाही, आणि आपल्याकडे वाघ आहे, बिबट्या आहे, रानकुत्री आहेत. इथे कोणीच नाही. हरणं वाढतात, झाडोरा खाऊन संपवतात, आणि मार्चच्या पावसात ओढ्याकाठी उपाशी मरतात. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग विचारलं, "मग पोरं असलेल्यांना तरी सोडतेस ना?" मी आमचा नियम सांगितला, जोडीचा. तिला तो पटला नाही. म्हणाली, "दोघांनाही?" तिचं न पटणं मला समजतं. पण एकटं पाडूस बर्फात मागे ठेवणं मला त्याहून जास्त खटकतं, आणि हे मी तिला स्पष्ट सांगितलं.

१२ डिसेंबर

दिवस फार आखूड. उजाडतं नऊला, साडेतीनला सूर्य मावळतो. कायद्याने सूर्योदयाआधी एक तास ते सूर्यास्तानंतर एक तास मुभा आहे, पण धूसर उजेडात पाडूस आणि एकवर्षी यांतला फरक दिसत नाही, म्हणून आम्ही ती कड वापरत नाही.

बर्फ पडल्यावर वरच्या पठारावरचे कळप खाली उतरले. बेन एय डोंगराच्या बाजूने आलेल्या अनोळखी माद्या आमच्या उतारावर चरताना दिसतात. संस्थेतल्या काहींचं म्हणणं, आल्याच आहेत तर घ्या, आकडा भरेल. मी विरोध केला. या पाहुण्या बर्फ वितळला की परत जातील. त्या घेऊन आकडा भरला तर कागदावर आम्ही यशस्वी, आणि मार्चमध्ये घळीत पुन्हा त्याच घरच्या माद्या. दुसरं म्हणजे बर्फात दमलेल्या जनावरांचा पाठलाग करून त्यांना उंचावर पळवणं क्रूर आहे. ठरलं ते असं: घळ आणि ओढाकाठ एवढीच हद्द, पाहुण्यांना धक्का नाही.

९ जानेवारी २०२५

आता गर्भ स्पष्ट दिसतात. गर्भकाळ सुमारे २३०-२३५ दिवसांचा, ऑक्टोबरच्या माजातून मे अखेर-जून. प्रत्येक मादीची नोंद तीन गोष्टींची: गाभण की नाही, कासेत दूध की नाही, मूत्रपिंडावर चरबी किती. दुधाळ असूनही गाभण, म्हणजे डोंगरावर चारा पुरतोय. दुधाळ माद्या गाभण राहत नसतील तर दाटी अजून आहे. आमच्याकडे दुधाळ माद्यांतल्या बऱ्याच रिकाम्या निघताहेत. म्हणजे हरणांनाही हा डोंगर पुरत नाही. हरणं आणि झाडं यांत एकाचा फायदा म्हणजे दुसऱ्याचा तोटा, असं मांडणाऱ्यांनी हे मूत्रपिंड बघावं. नुसत्या पातळ पापुद्र्यात गुंडाळलेलं असतं.

कोवळ्या माद्यांबद्दल धोरण आज थोडं बदललं. आतापर्यंत दुसऱ्या वर्षातल्यांना हाताशी आल्या तरी सोडत होतो, लहान म्हणून. पण त्यांच्यामागे पाडूस नाही, कोणी अनाथ होत नाही, आणि पुढची दहा वर्षं त्याच घळीत विणार आहेत. कळप कमी करायचा तर त्यांना वगळून चालत नाही. स्टॉकरांचं मत आधीपासून हेच होतं.

३० जानेवारी

जानेवारीचा शेवट हा सगळ्यात अवघड काळ. पोटातलं पाडूस मोठं होत चाललंय, आतडी काढताना ते बघणं कोणालाच सोपं जात नाही. कायदा १५ फेब्रुवारीपर्यंत परवानगी देतो, त्यानंतर विशेष मंजुरी लागते. माझं मत मी बैठकीत मांडलं: जेवढं काम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होईल तेवढं तेव्हाच करावं, शेवटचे पंधरा दिवस आकडा भरण्यासाठी वापरू नयेत. एका सदस्याने विचारलं, आकडा राहिला तर? राहू दे. पण मग ऑक्टोबरात पाहुण्यांच्या नर-शिकारीसाठी स्टॉकर अडकून पडतात, ते थांबवायला हवं. उत्पन्नाचा प्रश्न आहे, मला कल्पना आहे. तरी माद्यांच्या हंगामाचे पहिले सहा आठवडे हे सोन्यासारखे असतात. तेव्हा जनावर अंगाने भरलेलं, पाडूस ओळखू येण्याजोगं आणि दिवस पुरेसा मोठा असतो.

१५ फेब्रुवारी

हंगाम बंद. रायफल साफ करून कुलपात. घळीतला आकडा पूर्ण झाला, ओढाकाठचा थोडा राहिला. एकही पाडूस मागे एकटं सोडलं नाही.

२२ मार्च

कळपांची मोजणी आणि चौकटींची फेरी. हिवाळ्यात घळीतल्या बर्चचे काही शेंडे शाबूत राहिलेत. एका हिवाळ्यावरून निष्कर्ष काढणार नाही, रोपं हीदरच्या वर यायला आणखी तीन-चार वर्षं लागतील. २०२० च्या सरकारी अहवालात चौरस किलोमीटरला दहा लाल हरणांची मर्यादा सुचवली होती. कुंपणाशिवाय रान उठवायचं तर त्याच्याही निम्म्याखाली यावं लागतं. आम्ही अजून तिथे नाही.

पुढच्या आराखड्यात हे घातलं: घळीतल्या घरातल्या उरलेल्या माद्या ऑक्टोबरातच, वाट दाखवणारी जी कोणी आता पुढे चालते आहे ती पाडसासकट आधी, कोवळ्या माद्यांना सवलत नाही, बर्फात उतरणाऱ्या पाहुण्या माद्यांना हात नाही. शिकारी पाहुण्यांची नर-शिकार २० ऑक्टोबरला संपणार, हे समितीने मान्य केलं. ज्या शेजाऱ्याने सप्टेंबरात मान हलवली होती, त्याने आपल्या बाजूच्या माद्या-पाडसांची मोजणी आमच्याबरोबर एकाच दिवशी करायची तयारी दाखवली आहे. तारीख एप्रिलमधली धरली आहे, हवा बघून पक्की करायची.